वाक्य सगळ्यात शेवटी

सर कोणाला भेटले की नमस्कार करायचे नाहीत. समोरच्याच्या अंगावर एक इंग्रजी शब्द टाकायचे आणि भुवया वर करून थांबायचे. त्याने त्या शब्दाशी जुळणारा दुसरा शब्द आणि त्याचा मराठी अर्थ सांगितला तरच पुढचं बोलणं. दूधवाल्याला 'मिल्क' म्हटलं की त्याने 'सिल्क, रेशीम' म्हणायचं आणि मगच पिशवी आत जायची. सोसायटीच्या वॉचमनला तर त्यांनी इतकं छळलं होतं की सर लांबून दिसले की तो बिचारा आपणहून 'गेट, लेट, उशीर' असं म्हणून मोकळा व्हायचा. सरांना वाटायचं, आपण माणूस घडवला. वॉचमनला वाटायचं, सुटलो.

दिंडोशीच्या एका वसाहतीत, तळमजल्यावर, त्यांच्या राहत्या घरातच त्यांचा क्लास चालायचा. बाहेरच्या खोलीत बाकं आणि फळा, आत संसार. संध्याकाळी मी तिथे आठवी ते दहावीचं गणित शिकवायचे. दुपारची त्यांची मोठ्या बायकांची इंग्रजीची बॅच सुटायच्या आधीच मी जाऊन पोहोचायचे आणि आत स्वयंपाकघराच्या दाराशी वह्या तपासत बसायचे. शेजारी वहिनी, म्हणजे सरांच्या बायको, भाजी निवडत असायच्या. त्यामुळे बाहेर जे काही चालायचं ते मी सगळं, इच्छा नसताना, वर्षानुवर्षं ऐकलं आहे. उगाच ऐकीव गोष्टींवर कोणाची टिंगल करायची सवय मला नाही.

सर आधी एका कचेरीत टपाल विभागात होते. आलेलं पत्र बरोबर खणात नेऊन ठेवायचं, एवढं काम. निवृत्त झाल्यावर त्यांना साक्षात्कार झाला की इंग्रजी म्हणजे दुसरं तिसरं काही नसून यमकं आहेत. यमकं पाठ केली की भाषा आली. मग आयुष्यभर पत्रं जशी खणाखणात लावली तसे त्यांनी शब्द लावायला घेतले. प्रत्येक खणाला ते 'घराणं' म्हणायचे. केकचं घराणं, नाइटचं घराणं, बेलचं घराणं. हातात लोखंडी पट्टी. ती टेबलावर एकदा आपटली की एक शब्द, पुन्हा आपटली की त्याचा अर्थ. "केक!" ठक. "केक!" बायका म्हणायच्या. "बेक!" ठक. "भाजणे!" "लेक!" ठक. "तलाव!" "स्नेक!" ठक. "साप!" एखादा नवा शब्द सापडला की त्यांच्या चेहऱ्यावर घरात लग्न ठरल्यासारखा आनंद. एकदा म्हणाले, "आज केकच्या घराण्यात नवीन सून आली आहे. ड्रेक. म्हणजे नर बदक." नर बदक सून कशी होईल, हे विचारायची कोणाची छाती झाली नाही. दिंडोशीत नर बदकाचा उल्लेख करायची वेळ कोणावर कधी येणार, हेही कोणी विचारलं नाही.

एका शब्दाला एकच अर्थ, हा त्यांचा कायदा. कोणी म्हणालं की सर, बॅट म्हणजे क्रिकेटची पण असते ना, तर ते चिडायचे. "ती सगळ्यांना येते. ती शिकायला माझ्याकडे कशाला यायला हवं?" त्यामुळे सुट्टीत त्यांच्याकडे येऊन गेलेल्या मुलांनी शाळेत निबंध लिहिला तर त्यात मैदानावर वटवाघळं घेऊन जाणारे खेळाडू असायचे. शाळेतून तक्रार आली की सर म्हणायचे, शाळेचं इंग्रजी कच्चं आहे.

ज्या शब्दांना जुळणारा शब्दच नाही, ते त्यांच्या लेखी अनाथ. ऑरेंज अनाथ, सिल्व्हर अनाथ, मंथ अनाथ. अशांच्या नादी लागायचं नाही, अशी बायकांना सक्त ताकीद. स्वतः तर इतके पाळायचे की फळ्यावर वरच्या कोपऱ्यात वार इंग्रजीत लिहायचे, तारीख इंग्रजीत लिहायचे आणि मध्ये महिना मराठीत. मी एकदा म्हटलं, सर, अहो कॅलेंडरवाल्यांनी तरी या अनाथाला घरात घेतलंय. त्यांना विनोद कळत नसत, त्यामुळे त्यांनी मला कॅलेंडरवाल्यांचा व्यवसाय समजावून सांगितला.

त्यांचा आवडता सिद्धांत असा की जुळणारे शब्द उगाच जुळत नाहीत, त्यांचे अर्थही आतून जुळलेले असतात. वसाहतीत एकाचे वडील गेले. सगळे भेटायला गेले, तेव्हा सरही गेले. त्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "डेथ. ब्रेथ. ब्रेथ म्हणजे श्वास. भाषेने आधीच सांगून ठेवलंय रे." तो मुलगा तसाच बघत राहिला. येताना सर मला म्हणाले, सावरला ना जरा? मयताच्या घरून येताना मला माणसांशी भांडायला आवडत नाही.

प्रत्येक नव्या बॅचला पहिल्याच दिवशी ते वाइफ, लाइफ, नाइफ सांगायचे. बायको, आयुष्य, सुरी. बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. आत वहिनी विळीवर भाजी चिरत असायच्या. त्यांनी हे किती बॅचेसना सांगताना ऐकलं असेल देव जाणे. त्या हसायच्या नाहीत, रागवायच्याही नाहीत. मी त्यांच्याकडे पाहिलं की म्हणायच्या, "चहा टाकू का गं?" टीचरच्या घराण्यात क्रीचर येतो, त्याचा अर्थ प्राणी. हा शब्द सरांनी कधी कोणाला शिकवला नाही. माझ्या दहावीच्या मुलांना मी शिकवला.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. वसाहतीत एखादा विक्षिप्त माणूस असतोच, आणि तो असला की संध्याकाळी गप्पांना विषय होतो. पण सरांचा आणखी एक नियम होता आणि त्याला मला कधी हसू आलं नाही. वर्गात वाक्य बोलायला बंदी होती.

शब्द पूर्ण झाल्याशिवाय वाक्य नाही. सगळी घराणी पाठ झाली की वाक्य आपोआप येतं, पिकलं की फळ पडतं तसं, असं ते सांगायचे. कोणी चुकून 'आय ॲम गोइंग' म्हणालं की पट्टी आडवी व्हायची. "वाक्य सगळ्यात शेवटी." आणि घराणी तर संपायचीच नाहीत. एक संपलं की दुसरं उभं. माझ्या माहितीत एकही बाई वाक्यापर्यंत पोहोचली नाही.

कारण साधं होतं. सरांना स्वतःला वाक्य येत नव्हतं. हे मला कळलं ते जुहूहून एक बाई आल्या तेव्हा. त्या कुठलीशी संस्था चालवायच्या, सरांची पद्धत कोणाकडून तरी ऐकली होती, आणि आपल्या केंद्रातल्या मुलींना ते शिकवतील का, असं विचारायला आल्या होत्या. दारातच त्यांनी इंग्रजीत सुरुवात केली. सरांनी मान हलवली. त्यांनी आणखी काही विचारलं. सरांनी पुन्हा मान हलवली. मग बाई उत्तरासाठी थांबल्या. सरांनी गळ्याला हात लावला, डोळे बारीक केले आणि माझ्याकडे वळून कुजबुजले, "मॅडम, माझा घसा बसलाय. तुम्ही बोला." मी बोलले. बाई गेल्या. त्यांची गाडी वळणावर दिसेनाशी झाली मात्र, सरांनी टेबलावर पट्टी आपटली आणि खोली हलेल अशा आवाजात म्हणाले, "रोड! टोड! बेडूक!" त्या दिवशी मला सगळा उलगडा झाला. वहिनींकडे पाहिलं. त्या चहाचं आधण बघत होत्या.

वर्षा आली ती त्यानंतर. नवरा एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये, माहेर जालन्याचं. वडील तिकडे विहाराच्या मागच्या खोलीत वाचनालय चालवायचे, त्यामुळे पोरगी पुस्तकांत वाढलेली, मराठी घेऊन बी.ए. झालेली. मुलगी चार वर्षांची होत आली होती आणि तिला गोरेगावातल्या एका इंग्रजी शाळेत घालायचं होतं. तिथे आईबापांचा इंटरव्ह्यू असतो आणि तो इंग्रजीत असतो. मुलाला शाळेत घालायचं तर आधी आईने पास व्हायचं, ही आमच्या उपनगरातली नवी रीत. नवऱ्याला कामापुरतं इंग्रजी यायचं. वर्षा म्हणाली, आपण मागे राहायचं नाही.

पहिल्या दिवशी सरांनी तिला विचारलं, काय येतं? ती उभी राहिली आणि म्हणाली, "माय डॉटर इज फोर इयर. शी लाइक टँकर. एव्हरी डे शी स्टँड इन विंडो अँड वेट फॉर टँकर." पाण्याचा टँकर. त्यांच्या बिल्डिंगमध्ये दिवसाआड टँकर यायचा आणि ती पोर खिडकीत उभी राहून त्याची वाट बघायची. मी आत वही तपासता तपासता थांबले. व्याकरण गेलं खड्ड्यात, पण त्या मुलीला मी न बघता बघितलं. वहिनीसुद्धा हसल्या. बाहेर पट्टी आपटली. सर म्हणाले, "चूक. सगळं चूक. वाक्य नको. टँकर. बँकर. बँकर म्हणजे पेढीवाला. बस खाली."

ती बसली. हुशार मुलगी, आणि हुशार माणसाला जे समोर ठेवाल त्यात ते पहिलं येतं. काही महिन्यांतच बॅचमध्ये तिच्याइतकी घराणी कोणाला पाठ नव्हती. नर बदकसुद्धा. सर तिला उभं करून इतर बायकांना दाखवायचे. तिला वाटायचं आपलं इंग्रजी सुधारतंय. मला दिसत होतं की ती पूर्वी माझ्याशी येता-जाता चुकत-माकत चार वाक्यं बोलायची, ती बंद झाली होती. मी एकदोनदा म्हटलं, अगं, बोल ना. तर म्हणायची, "नको ताई, अजून घराणी व्हायची आहेत. चुकीचं बोलण्यापेक्षा थांबते थोडं." मी सरांशी भांडलेही. ते म्हणाले, मॅडम, मी तुमच्या गणितात पडतो का?

इंटरव्ह्यूच्या दिवशी काय झालं, ते तिने मला वसाहतीच्या गेटपाशी उभं राहून सांगितलं. आत प्रिन्सिपल मॅडम होत्या, हसऱ्या होत्या. नवऱ्याने त्याला आलं तेवढं सांगितलं. मग मॅडम वर्षाकडे वळल्या आणि इंग्रजीत विचारलं, तुमच्या मुलीला काय आवडतं?

"मला आलं होतं ओ ताई," वर्षा म्हणाली. "प्रश्न कळला होता. टँकर, तोंडात होतं. पण वाक्य करायचं म्हटलं आणि डोक्यात ठक झालं. मी म्हणाले, लाइक. आणि मग थांबताच येईना. बाइक, दुचाकी. हाइक, वाढ. स्ट्राइक, संप. मराठी अर्थासकट म्हटलं सगळं. ह्यांनी मान खाली घातली. मॅडम म्हणाल्या थँक्यू."

प्रवेश मिळाला नाही. घरी तिला कोणी बोललं नाही. सासू म्हणाली, होईल दुसरीकडे. नवरा म्हणाला, जाऊ दे. हे 'जाऊ दे' तिला फार लागलं. तो ओरडला असता तर बरं झालं असतं, म्हणाली. मुलगी विचारत होती, माझी शाळा कधी?

दुसऱ्या दिवशी ती बॅचला आली. कशाला आली ते मला कळलं नाही. सवयीने आली असेल. सरांनी सगळ्यांसमोर विचारलं, कसा झाला इंटरव्ह्यू? तिने खाली न बघता सगळं सांगितलं. काय म्हणाले असतील सर? मी आजही आठवलं की माझं डोकं फिरतं.

सर म्हणाले, "माइक राहिला. लाइकच्या घराण्यात माइक आहे, स्पाइक आहे. अर्धवट म्हटलंस. म्हणून गेलं."

मी आतून उठून बाहेर आले. मी सरांना काय काय बोलले ते सगळं इथे लिहीत नाही. मुलांची यायची वेळ झाली होती आणि तरी मी बोलले. ही मुलगी तुमच्याकडे आली तेव्हा बोलत होती, तुम्ही तिला मुकी केलीत, असं म्हटलं. सर शांतपणे म्हणाले की मॅडमना राग आलाय, आणि रेजच्या घराण्यात केज येतो, म्हणजे पिंजरा. बायका हसल्या. वर्षा हसली नाही. ती बाकावरून उठली, पिशवी घेतली आणि गेली. तिच्या मागोमाग मीही त्या घरातून बाहेर पडले. गणिताची मुलं मी माझ्या घरी घेतली.

मग रोज सकाळी मी आणि वर्षा वसाहतीच्या मागच्या टेकाडावर चालायला जाऊ लागलो. अट एकच, मराठी नाही. मी काही शिकवलं नाही. माझं स्वतःचं इंग्रजी काय मोठं आहे. मी फक्त ती चुकली तरी गप्प बसायचे, आणि मला ओळखणारे सांगतील की हे माझ्यासाठी किती अवघड आहे. पहिले काही दिवस ती एक शब्द बोलायची आणि थांबायची. ओठ हलायचे. घराणी म्हणत असायची मनात. एकदा वैतागून रस्त्यातच बसली आणि म्हणाली, ताई, काढून टाका हो माझ्या डोक्यातून हे. मी तिच्याशेजारी बसले. मला रडू येत होतं आणि राग येत होता, रागच जास्त. हळूहळू वाक्यं परत आली. आली ती चुकीचीच, पण आली.

मालाडला एक लहानशी शाळा होती, तिथे त्यांना बोलावलं. तिथल्या बाईंनीही तोच प्रश्न विचारला. चार वर्षांच्या पोरांच्या आईबापांना दुसरं विचारणार तरी काय. वर्षाने टँकर सांगितला. बाई हसल्या आणि म्हणाल्या, टँकरच का? मग वर्षाने पाइप कसा लावतात, पाण्याचा आवाज कसा येतो, ड्रायव्हर पोरीला हात कसा दाखवतो आणि एकदा टँकर आला नाही तर ती कशी जेवली नाही, हे सगळं सांगितलं. एकही वाक्य धड नव्हतं, असं तीच मला फोनवर हसत हसत म्हणाली. प्रवेश झाला.

बातमी वसाहतीत पसरली, आणि त्याच आठवड्यात गेटवर फ्लेक्स लागला. त्यावर वर्षाचा फोटो, बॅचच्या हळदीकुंकवातला, नथ घातलेला. वर सरांचा कोटातला फोटो, तिच्यापेक्षा मोठा. मजकूर असा की आमच्या विद्यार्थिनीचं शाळेच्या इंटरव्ह्यूत घवघवीत यश, यमक पद्धतीचा विजय, नवीन बॅच सुरू. वर्षाला कोणी विचारलंही नव्हतं. तिचा मला फोन आला. म्हणाली, ताई, चला. बोलणार मी आहे. तुम्ही फक्त या.

आम्ही गेलो तेव्हा बॅच चालू होती. नवीन बायका होत्या, बऱ्याच होत्या. फ्लेक्सने काम केलं होतं. सरांनी तिला पाहून दोन्ही हात पसरले आणि बायकांना म्हणाले, "हीच ती."

वर्षा दारातच उभी राहिली आणि शांतपणे म्हणाली, "सर, यू रिमूव्ह माय फोटो टुडे ओन्ली."

सरांचा चेहरा उजळला. मी खोटं सांगत नाही, उजळला. ते बायकांकडे वळले. "ऐकलंत? अख्खं वाक्य बोलली. मी म्हणत नव्हतो, आपोआप येतं म्हणून? कोणाकडे शिकली?" बायकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या ओठांवर शिव्या आल्या होत्या, पण मी बोलणार नाही असं कबूल केलं होतं. वर्षाने टाळ्या थांबेपर्यंत वाट बघितली आणि तेच वाक्य पुन्हा म्हटलं. तोच आवाज, तेवढाच. या वेळी कोणी टाळी वाजवली नाही. सर हसत राहिले, पण आता नुसतेच.

तेवढ्यात वहिनी आतून येऊन उंबऱ्याशी उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांत बॅच चालू असताना त्यांना बाहेर आलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. पदराला हात पुसत म्हणाल्या, "अहो, ती तुमच्याशी बोलतेय. तिला उत्तर द्या. इंग्रजीतच द्या."

बायका सरांकडे बघू लागल्या. सरांनी तोंड उघडलं. मला वाटलं आता घशाला हात लावतील, पण वहिनी समोर होत्या. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, कोपऱ्यातलं स्टूल उचललं आणि बाहेर गेले.

मी त्यांच्या मागे गेटपर्यंत गेले, मुद्दाम, बघायला. स्टूल डुगडुगत होतं आणि सर वर चढून दातांनी फ्लेक्सच्या गाठी सोडवत होते. मला त्यांची दया आली असं लिहिलं तर शोभून दिसेल. पण नाही आली. वर्षा खाली वाकून दोन्ही हातांनी स्टूल धरून उभी होती. मी धरलं नसतं.